साठ हजारांत बसवलेला पीसी

गेमिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय म्हटलं की आपल्याकडं समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आय-फाइव्ह का आय-सेव्हन?" दुसरा, "रॅम किती टाकणार?" कंपनीत हेच, गल्लीतल्या पोरांत हेच, दुकानाच्या काउंटरवर तर हेच. २०२४ च्या दसऱ्याआधी मी माझा पहिला असेंबल्ड पीसी जमवत होतो, तेव्हा दोन्ही प्रश्नांना माझं एकच उत्तर असायचं, "आधी मॉनिटर ठरू दे." लोक नुसते बघत राहायचे. पण साठ हजारांत सगळं बसवायचं तर सुरुवात पडद्यापासून करावी लागते, हे माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे. पडद्यावरून ग्राफिक्स कार्ड ठरतं, कार्डावरून एसएमपीएस म्हणजे सगळ्याला वीज पुरवणारा भाग, कार्डाच्या तोलाचा प्रोसेसर, प्रोसेसरवरून मदरबोर्ड, आणि उरल्यासुरल्यात बाकीचं. उलट्या टोकाकडून निघालं की महागड्या आय-सेव्हन प्रोसेसरच्या डब्यात कार्ड घालायला पैसेच उरत नाहीत. असे डबे मी मित्रांच्या घरी पाहिलेत. एक्सेल झकास चालतं त्यांच्यावर.

मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात सीएनसी प्रोग्रॅमिंग करतो. साठवलेले आणि बोनसचे मिळून साठ हजार, मॉनिटरसकट. कीबोर्ड-माऊस घरात होते ते चालणार होते. खेळायचं काय, तर कोल्हापूरचा माणूस म्हटल्यावर फुटबॉल आलाच. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत मोठं झालेल्याला ईए स्पोर्ट्स एफसी हवाच. या गेमचं फिफा हे जुनं नाव २०२३ मध्ये गेलं तरी आमच्यात अजून "फिफा लाव रे" असंच म्हणतात. शिवाय जीटीए ५, फोर्झा होरायझन ५, आणि रात्री मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक २ नाहीतर व्हॅलोरंट. ही नावं वहीत लिहून काढली आणि एक गोष्ट लगेच कळली, यातला एकही गेम लाखभराचं मशीन मागणारा नाही.

मॉनिटरमध्ये मोह होता तो १४४०पीचा, म्हणजे फुल एचडीपेक्षा जास्त ठिपक्यांच्या पडद्याचा. कंपनीतला एक जण रोज डोकं खायचा, "घ्यायचाच तर भारी घे की भावा." मी त्याच्यासमोर कॅल्क्युलेटर उघडला. फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. १४४०पीवर तेच ३६ लाख ८६ हजार ४००. म्हणजे दर फ्रेमला, पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, कार्डानं पावणेदोन पटीहून थोडे जास्तच ठिपके रंगवायचे. मॉनिटरचे जास्तीचे चार-पाच हजार एकवेळ सोसता येतील, पण त्याला पुरं पडणारं कार्ड घ्यायला आणखी दहा-बारा हजार लागतात, ते कुठून आणायचे? मी २४ इंची, आयपीएस पॅनेलचा, फुल एचडी, १०० हर्ट्झचा (सेकंदाला १०० वेळा चित्र बदलणारा) घेतला, साडेआठ हजार. ६० हर्ट्झला एक फ्रेम पडद्यावर १६.७ मिलिसेकंद थांबते, १०० ला १०. हा फरक पास देताना हाताला जाणवतो. १०० आणि १४४ मधला फरक मला दुकानात उभं राहून जाणवला नाही, म्हणून त्याचे पैसे दिले नाहीत. फ्रीसिंक आहे एवढं बघून घेतलं, म्हणजे फ्रेम कमी-जास्त झाल्या तरी चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसत नाही.

सगळ्यात जास्त डोकं लागलं ते कार्डाला.

बजेटचा तिसरा हिस्सा कार्डाला, हे मी धरून चाललो होतो, वीस हजार. राजारामपुरीतल्या पहिल्या दुकानात एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० समोर आलं. २०१९ चं कार्ड, मेमरी ४ जीबी. त्याची एकच गोष्ट खरोखर चांगली, ७५ वॉटच्या आत चालतं, त्यामुळं बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवरची वायर लागत नाही. कुणाकडं जुना ऑफिसचा पीसी असेल आणि त्यातच काहीतरी घालायचं असेल, तर ते ठीक. नव्या जुळणीत ४ जीबी म्हणजे पहिल्या दिवसापासून टेक्श्चर, म्हणजे चित्रातला बारकावा, कमी करत बसणं.

दुसरीकडं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी होतं. पॅकिंग चकाचक, नंबर मोठा, किंमत बेताची. पण ते फक्त चार पीसीआय लेनवर, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या चारच वाटांवर, चालतं. जोडीला जेन ४ चा, म्हणजे पीसीआयच्या नव्या, जास्त वेगाच्या पिढीचा बोर्ड असेल तर निभतं. माझ्या बजेटातले बोर्ड जेन ३ चे, तिथं ४ जीबी मेमरी भरली की चार लेनच्या चिंचोळ्या वाटेनं रॅमकडं ये-जा सुरू आणि गेम अडखळायला लागतो. स्वस्त कार्ड, त्याला महाग बोर्ड, हा कुठला व्यवहार?

आरटीएक्स ३०५० हे नाव घेतलं की काउंटरवर दोन वेगवेगळी खोकी येतात, आणि दोन्हीवर ३०५० च लिहिलेलं असतं. एक ८ जीबीचं, २०२२ चं, १३० वॉटचं. दुसरं ६ जीबीचं, २०२४ चं, ७० वॉटचं. फरक मेमरीपुरता नाही. ६ जीबीच्या कार्डात कोअर (हिशेब करणारी केंद्रं) २,५६० ऐवजी २,३०४ आहेत आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटांऐवजी ९६ बिटांचा. दुकानदार म्हणाला, "दोन जीबी कमी हाय, बाकी सेम." सेम अजिबात नाही. ३०५० घेणाऱ्यानं खोक्यावरचा जीबीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत.

जुन्या कार्डांचाही बाजार मी धुंडाळला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं सोडवून ते चलन कमावणं, कायमचं बंद झालं आणि त्या धंद्यातली कार्डं गठ्ठ्यानं बाजारात आली. आरएक्स ५८० आठ जीबी, किंमत ऐकून हात शिवशिवावेत अशी. पण कार्ड २०१७ चं, खातं १८५ वॉट, पंख्यांचं बेअरिंग किती झिजलंय ते बाहेरून दिसत नाही, वॉरंटी संपलेली, आणि मायनिंगसाठी कुणी बायोस, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून ठेवला असेल तर तो निस्तरायचा वेगळा. शिवाय ५८० च्याच नावानं २०४८एसपी म्हणून एक कमी ताकदीचं कार्ड फिरतं. ज्याला ही कार्डं उघडून, थर्मल पेस्ट बदलून, तासभर ताण देऊन बघता येतात त्यानं जरूर घ्यावीत. माझा पहिलाच पीसी होता. मला वॉरंटी हवी होती.

शेवटी एएमडीच्याच आरएक्स ६६०० वर आलो. ऑक्टोबर २०२१ चं, ८ जीबी, १३२ वॉट, एकच आठ पिनांची वायर. तेव्हा वीस हजारांच्या आत-बाहेर मिळत होतं आणि फुल एचडीवर ८ जीबीच्या ३०५० पेक्षाही बऱ्यापैकी पुढं होतं. एनव्हिडियाचं डीएलएसएस (फ्रेम वाढवणारं तंत्र) चांगलं आहे, मान्य. ब्लेंडरसारख्या थ्रीडी कामाला कूडा हे एनव्हिडियाचं तंत्र लागत असेल तिथं एनव्हिडियाच घ्यावं. मला घरी रेंडर करायचं नव्हतं, गोल मारायचे होते.

आता एसएमपीएस. याच्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण तो दिसत नाही. शाहूपुरीतल्या एका दुकानात मला कॅबिनेटबरोबर "साडेचारशे वॉटचा एसएमपीएस फ्री" देत होते. मी म्हटलं, दाखवा तरी. त्यानं खोक्यातून काढून हातात दिला, तर इतका हलका की आत काही आहे की नाही असं वाटावं. मी लेबलचा फोटो काढला आणि संध्याकाळी मामांकडं गेलो. मामांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण मोटारीची नेमप्लेट वाचण्यात हयात गेलेली.

चष्मा कपाळावरून खाली घेऊन मामांनी फोटो मोठा केला. लेबलवर रांगेनं व्होल्ट आणि अँपिअर छापलेले होते, ३.३ व्होल्टचे, ५ व्होल्टचे, १२ व्होल्टचे.

"तुझं मशीन कशावर चालतंय ह्यातल्या?"

"मुख्य बारा व्होल्टवर. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही."

"मग बाकीचं सोड. बारा व्होल्ट, सोळा अँपिअर. बारा सोळं एकशे ब्याण्णव." मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मग ह्यो साडेचारशे आला कुठनं?"

आला होता तो सगळ्या लाइनींची बेरीज करून, आणि तीही फुगवून. माझं कार्ड १३२ वॉट, प्रोसेसर जोरात चालला की ८०-९० वॉट, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४०-५०. म्हणजे पावणेतीनशेच्या घरात, त्यातलं बहुतेक १२ व्होल्टवरच. १९२ वॉटला ते झेपणारच नाही. आणि असा एसएमपीएस जातो तेव्हा एकटा जाईल याची खात्री नसते.

एएमडीनं या कार्डासाठी ४५० वॉटची शिफारस केलीय. ती चांगल्या एसएमपीएसच्या हिशेबानं आहे, फुकटातल्याच्या नव्हे. मी ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ घेतला, चार हजारांना. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टपुढं ४५ अँपिअर छापलंय, म्हणजे ५४० वॉट एकट्या त्या लाइनीवर. ब्राँझचा शिक्का मात्र कार्यक्षमतेचा असतो, निम्म्या लोडवर साधारण ८५ टक्के वीज कामी येते, बाकीची उष्णता. आत शॉर्ट-सर्किट आणि ओव्हरलोडचं संरक्षण कसं आहे ते त्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी मॉडेलचं परीक्षण वाचावं लागतं आणि वॉरंटी किती वर्षांची ते बघावं लागतं. माझ्या एसएमपीएसला पाच वर्षं होती. चार हजार एसएमपीएसला घातले म्हटल्यावर मित्र हसले. मामा हसले नाहीत.

प्रोसेसरमध्ये मला तीन नावांत ठरवायचं होतं. इंटेलचा आय-३ १२१००एफ स्वस्त आणि आजच्या गेमना पुरतो, पण कोअर चारच. इंटेलचाच आय-५ १२४००एफ आणि एएमडीचा रायझन ५ ५६००, दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड, गेममध्ये उन्नीस-बीस. बोर्डासकट दोघांची किंमतही जवळपास सारखी पडत होती. मी ५६०० घेतला तो पुढच्या सोयीसाठी. त्याच्या एएम४ सॉकेटला (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) जानेवारी २०२४ मध्ये ५७००एक्स३डी आला होता, त्यामुळं काही वर्षांनी बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल असा हिशेब. त्याच वर्षी इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांची क्रॅश होण्याची भानगड गाजत होती. १२ वी पिढी त्यात नव्हती, पण दुकानात प्रत्येक जण तीच चर्चा करत होता, आणि साठ हजारवाल्याला त्या चर्चेचा काडीचा उपयोग नव्हता.

दुकानदारांचा आग्रह ५६००जी साठी. "साहेब, जी घ्या, आतच ग्राफिक्स हाय, कार्ड नंतर टाका." सल्ला वाईट नाही, पण माणूस बघून द्यायचा. ज्याच्याकडं आज तीस-पस्तीस हजारच आहेत त्यानं ५६००जी घ्यावा, रॅमच्या दोन पट्ट्या लावाव्यात आणि व्हॅलोरंट खुशाल खेळावं. कार्ड आजच घेणाऱ्यानं मात्र तो घेऊ नये. आतल्या ग्राफिक्सला जागा द्यायला त्यातली एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी आहे, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआयही जेन ३. कार्ड लावल्यावर आतलं ग्राफिक्स नुसतं बसून राहतं आणि निम्मी कॅश तेवढी पदरात पडते.

आणखी एका दुकानात ५६०० हजारभरानं स्वस्त सांगितला. खोकं दाखवा म्हटलं तर प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात नुसती चिप. याला ट्रे पीस म्हणतात. कूलर नाही, आणि एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी खोकंबंद मालाला असते, ट्रेला नाही. वर, "बिल नको असंल तर आणि थोडं कमी करतो." १८ टक्के जीएसटी कुणाला आवडतो? पण सिरीयल नंबर लिहिलेलं बिल नसेल तर तीन वर्षांत काही झाल्यावर मी कुणाकडं जाऊ? साडेअकरा हजारांना खोकंबंद, बिलासकट घेतला. स्टेल्थ कूलर आतच होता.

बोर्ड बी४५०, सहा हजारांच्या आसपास. खोक्यावर 'रायझन ५००० रेडी' असं स्टिकर आहे ना, एवढं बघितलं. बी४५० हे रायझन ५००० च्या आधीचे बोर्ड. जुन्या मालात जुना बायोस असेल तर ५६०० लावून पीसी चालूच होत नाही, आणि बायोस अपडेट करायला आधी एक जुना प्रोसेसर शोधत फिरावं लागतं. बी५५० घेतला असता तर जेन ४ मिळालं असतं, पण ६६०० आठ लेनवर चालतं, जेन ३ वर त्याचं फार अडत नाही. तीन हजार वाचले.

ते लगेच एसएसडीत गेले. नुसता जीटीए ५ शंभर जीबी खातो. ५०० जीबीच्या ड्राइव्हवर विंडोज आणि दोन-तीन मोठे गेम टाकले की 'कुठला काढू' सुरू होतं. म्हणून १ टीबीचा एनव्हीएमई, हा एसएसडीचा वेगवान प्रकार. विंडोज तो ९३१ जीबी दाखवतं, घाबरू नका, मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे. रॅम डीडीआर४ ३२००, ८ च्या दोन पट्ट्या. १६ ची एकच पट्टी घ्या, पुढं दुसरी टाका, असं सगळेच सांगतात; पण एका पट्टीवर मेमरीची निम्मी वाट बंद राहते, आणि 'पुढं' हे आपल्याकडं कधी येतं ते सगळ्यांना माहीत आहे. कॅबिनेट पुढं जाळी असलेलं. काचेचं तोंड आणि इंद्रधनुष्यी पंखे दिसायला नादखुळा, पण हवा कुठून घ्यायची त्यांनी?

बजेट दोन हजारांनी फुटलं. विंडोजच्या लायसन्सचे पैसे तर साठ हजारांच्या कुठल्याच यादीत कुणी धरत नाही. मीही ते पुढच्या पगारात घेतलं.

खरेदी कुठून करायची यावर माझं मत ठाम आहे. पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवलं तर प्रत्येक वस्तूत थोडेथोडे सुटतात, हे खरं. प्रोसेसर, रॅम, एसएसडी कुठूनही घ्या. ती सहसा बिघडत नाहीत आणि पाकिटात घालून पाठवता येतात. मॉनिटर, कार्ड, एसएमपीएस मात्र मी गावातच घेतले. घेण्याआधी दुकानदाराला सरळ विचारलं, "बिघडलं तर तुमच्याकडं आणून देऊ, का मलाच पुण्याला पाठवायला लागणार?" ज्यानं "आमच्याकडं द्या, आम्ही पाठवतो" म्हणून बिलावर तसं लिहून दिलं, त्याच्याकडून घेतलं. चारशे रुपये महाग पडलं असेल.

जुळणी घरीच, रविवारी, चटई गुंडाळून उघड्या फरशीवर. धाकटी बहीण स्क्रू सांभाळायला. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ बारीक पिना असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, लिव्हर उभी करायची, आणि चिप अलगद सोडायची. ती आपल्याच वजनानं बसते. दाबायची वेळ आली तर काहीतरी चुकतंय असं समजून उचलायची. कूलर लावण्याआधी बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. त्यांचे स्क्रू सोडले की बोर्डामागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते, म्हणून बहिणीला ती खालून धरायला लावली. पेस्ट कूलरला आधीच लावलेली होती. चारी स्क्रू आलटून-पालटून, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत गेलो. चाक बसवताना नट आवळतात तसे.

वायरींत जपायची जागा एकच. प्रोसेसरची आठ पिनांची वायर ४+४ अशी फुटते आणि कार्डाची ६+२ अशी. दोन्ही काळ्या, दोन्ही आठ पिनांच्या. टोकावर सीपीयू किंवा पीसीआय-ई छापलेलं असतं, ते टॉर्च मारून वाचायचं.

"दादा, मागं दोन ठिकाणी एचडीएमआय हाय. कुठल्यात घालतो मी?" बहिणीनं विचारलं.

प्रश्न अगदी नेमका होता. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळं बोर्डावरचं एचडीएमआय मुकं असतं. केबल कार्डाच्याच भोकात गेली पाहिजे. 'नवीन पीसी लावला, डिस्प्लेच येत नाही' म्हणून दुकानात उचलून आणलेल्या मशीनपैकी कितीतरी निव्वळ या केबलपायी येतात, असं मला कार्ड देणारा दुकानदारच सांगत होता.

पीसी चालू झाला तरी काम संपत नाही. रॅम ३२०० ची असली तरी बोर्ड तिला आपोआप कमी वेगानंच चालवतो. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगानं चालवणारी सेटिंग, चालू करावं लागतं. १०० हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर असू शकतो, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०० करावा लागतो. पैसे मोजून घेतलेला वेग वर्षानुवर्षं बंद ठेवून खेळणारे लोक मी बघितलेत. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी मागतं. नसलं तर व्हॅन ९००१ असा एरर देऊन बाहेर काढतं. बायोसमध्ये एएमडीचं एफटीपीएम चालू केलं, सिक्युअर बूट चालू केलं, काम झालं.

घर आमचं जुनं, मंगळवार पेठेतलं. हॉलमध्ये सगळं ठीक. पण पीसी माडीवरच्या खोलीत नेला आणि कॅबिनेटच्या पत्र्याला मनगट लागलं की बारीक झिणझिण्या. एसएमपीएसमध्ये बिघाड नव्हता. त्याच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की ती किरकोळ गळती जमिनीत जाते, नसलं की पत्र्यावर साचून आपल्या हाताला कळते. वायरमननं सॉकेट उघडला तर तिसरी तार मागं नुसती लोंबकळत होती, कशालाच जोडलेली नव्हती. जुन्या वाड्यात, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी पार्ट निवडण्याच्या आधी हे बघून घ्यावं. मी नंतर ६०० व्हीएचा यूपीएसही घेतला. तो ३६० वॉटचा असतो, मॉनिटरसकट माझं मशीन त्यात बसतं. लाइट गेल्यावर चार-दोन मिनिटं मिळतात, पीसी नीट बंद करण्यापुरती.

चालतं कसं? फोर्झा हाय सेटिंगवर सेकंदाला नव्वद फ्रेमच्या वर, एफसी मॉनिटरच्या शंभराला लावून सोडलाय, काउंटर-स्ट्राइक २ ला काही बोलायचंच कारण नाही. मे महिन्यात दुपारी कार्डाचं तापमान सत्तर अंशांच्या घरात जातं, पंख्याचा आवाज येतो, बाकी तक्रार नाही.

हे सगळे भाव २०२४ चे, हे लक्षात ठेवा. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे भडकले की माझ्याच पट्ट्या दुपटीच्याही वर गेल्या. एआयच्या सर्व्हरांकडं मेमरी वळली आणि डीडीआर४ बनवणंही कंपन्यांनी आवरतं घेतलं. परवा कंपनीतल्या एका ज्युनिअरनं माझी यादी मागितली, तेव्हा रॅमची ओळ मी खोडूनच दिली. त्याच्या चुलत्याच्या ऑफिसात जुने पीसी भंगारात निघालेत, त्यात ८ जीबीच्या डीडीआर४ २६६६ च्या दोन पट्ट्या आहेत म्हणतो. २६६६ आणि ३२०० मध्ये थोड्या फ्रेम जातील, पण आजच्या भावात त्या फुकटच. लॅपटॉपची आखूड पट्टी नको, डेस्कटॉपची लांब आहे का ते बघून आण, एवढं त्याला सांगितलंय.